रॅपची पन्नाशी आणि श्रोत्यांची

११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागातल्या १५२० सेज्विक अव्हेन्यू या इमारतीत सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने एक पार्टी भरवली. शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घेता यावेत म्हणून तिला थोडे पैसे जमवायचे होते. तबकड्या वाजवायला तिचा अठरा वर्षांचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजे डीजे कूल हर्क, होता. गाण्यातले सूर गळून जिथे फक्त ताल उरतो त्या तुकड्यावर नाचणारे सर्वांत जास्त रंगतात हे त्याने हेरले होते, आणि दोन तबकड्यांच्या मदतीने तोच तुकडा लांबवत नेण्याची युक्ती त्याने बसवली. हिप-हॉपचा, म्हणजे रॅप ज्या संस्कृतीचा भाग आहे तिचा, जन्म त्या रात्री झाला असे मानण्याचा प्रघात आहे. त्या खोलीत नाचलेली मुले आज सत्तरीच्या आसपास आली आहेत. २०२३ मध्ये हिप-हॉपची पन्नाशी मोठ्या थाटात साजरी झाली, पण त्या सोहळ्यांपेक्षा मला त्यामागचा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो: शाळकरी मुलांच्या पार्टीत जन्मलेली कला पन्नाशीतल्या माणसाला त्याच्या स्वतःच्या आयुष्याबद्दल काय सांगू शकते?

हा प्रश्न मी एक श्रोता म्हणून विचारतो आहे. विशीत रॅप ऐकू लागलो तेव्हा मला त्यातला वेग आवडला, शब्दांची दाटी आवडली, आणि कुणाचीही भीडभाड न ठेवता बोलण्याची धमक तर सर्वांत जास्त आवडली. आता चाळिशी मागे पडली आहे. ज्या ओळींवर तेव्हा आपोआप मान डोलत असे त्यांतल्या काही आज पोकळ वाटतात, आणि ज्या तेव्हा कानावरून नुसत्या निघून गेल्या त्या आज मला अडवून धरतात. माझ्या वयाच्या असंख्य श्रोत्यांचे असेच झाले असणार, कारण रॅपबरोबर वाढलेली पहिली पिढी आता आईवडिलांची आजारपणे काढते आहे, मुलांच्या शिक्षणाचे हिशेब मांडते आहे आणि आपल्याच रक्तातल्या साखरेचे आकडे पाहते आहे.

रॅपचा सारा बांधा तरुणपणावर उभा राहिला. बढाई, स्पर्धा, प्रतिस्पर्ध्याला शब्दांनी लोळवणे, दर दोन वर्षांनी बदलणारी बोली हे सगळे ज्याच्याजवळ गमावण्यासारखे फार काही नाही अशा वयाचे गुण आहेत. त्यात मरणही फार लवकर आले. सप्टेंबर १९९६ मध्ये टुपाक शकूर हा रॅपर गोळीबारात मारला गेला तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता, आणि पुढच्या मार्चमध्ये त्याचा समकालीन नोटोरियस बी.आय.जी. तसाच गेला तो अवघ्या चोविसाव्या वर्षी. त्याआधी, १९९४ च्या एप्रिलमध्ये, न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सब्रिजच्या वसाहतीत वाढलेल्या नास या रॅपरचा पहिला अल्बम आला होता, आणि त्यात त्याने आपण विसाव्या वाढदिवशी जिवंत आहोत याबद्दल कृतज्ञता व्यक्त केली होती. विशी गाठणे हीच जिथे मोठी कमाई होती, तिथे पन्नाशीचा विचार कोण करणार? पण नासने ती पन्नाशीही गाठली. १४ सप्टेंबर २०२३ रोजी, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, त्याने नवा अल्बम प्रसिद्ध केला. २०२० पासूनचा तो त्याचा सहावा. त्याच्या कारकिर्दीतले पहिले ग्रॅमी पारितोषिकही त्याला या उत्तरकाळातल्याच कामासाठी, २०२१ मध्ये, सत्तेचाळिसाव्या वर्षी मिळाले. हे उदाहरण मला फार दिलासा देते, कारण इतकी वर्षे ‘रॅप हा तरुणांचा खेळ’ हे वाक्य सिद्ध झालेल्या नियमासारखे उच्चारले जात होते.

वय वाढणे इतर संगीतप्रकारांपेक्षा रॅपला अवघड का जाते, याचे एक कारण त्याच्या घडणीतच आहे. ब्लूज किंवा कंट्री गाणाऱ्याला दुसऱ्याचे गाणे घेऊन आपल्या वयाप्रमाणे गाता येते. जॉनी कॅशने २००२ मध्ये, सत्तरीत, नाइन इंच नेल्स या बँडचे तरुण माणसाच्या वेदनेचे गाणे गायले आणि त्याच्या थकलेल्या आवाजात ते मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाचे गाणे होऊन गेले. रॅपमध्ये ही वाट जवळजवळ बंद आहे. तिथे दुसऱ्याचे शब्द उचलणे कमीपणाचे मानले जाते, कुणाकडून लिहून घेतल्याचा नुसता संशयही प्रतिष्ठेला डाग लावतो, आणि ओळीतला ‘मी’ हा प्रत्यक्ष बोलणारा माणूसच असतो अशी श्रोत्याची अपेक्षा असते. त्यामुळे रॅपला वार्धक्य वारशाने मिळत नाही. ज्याला चाळिशीचा रॅप हवा त्याने तो चाळिशीत स्वतः लिहिला पाहिजे, आणि त्यासाठी लागणारे नमुने आधीच्या पिढीने फारसे मागे ठेवलेले नाहीत.

सुरुवातीचे प्रयत्न म्हणूनच चाचपडणारे होते. जे-झीने २००३ मध्ये निवृत्ती जाहीर केली, २००६ मध्ये तो परतला, आणि त्या पुनरागमनाच्या अल्बममधल्या एका गाण्यात तिशी म्हणजेच नवी विशी असे सांगून प्रौढपणाची तरफदारी केली. ते गाणे मी आजही ऐकतो, पण त्यातले प्रौढपण मला पटत नाही. त्यात माणूस मोठा झालेला दिसतो तो अधिक महाग कपड्यांत आणि अधिक सभ्य ठिकाणी. बढाई तशीच राहिली, फक्त तिच्यातल्या वस्तू बदलल्या. तरुण रॅपरांपेक्षा आपण वरच्या पायरीवर आहोत हे सिद्ध करण्याची घाईच त्यात जास्त जाणवते.

अकरा वर्षांनी, २०१७ च्या जूनअखेर, सत्तेचाळीस वर्षांच्या त्याच माणसाने जे केले ते वेगळ्या जातीचे होते. ‘४:४४’ या अल्बमच्या शीर्षकगीतात तो पत्नीची क्षमा मागतो, आणि ती मागताना आपल्या वागण्याचा तपशील कुठेही सुशोभित करत नाही. मुलांना हे कधीतरी कळेल तेव्हा आपण काय करू, या विचारापाशी तो येतो आणि तिथे त्याच्या आवाजातला ताठा पार उतरलेला असतो. दुसऱ्या एका गाण्यात आईने आपले समलिंगी असणे वर्षानुवर्षे दडवले याचे दुःख आणि ती आता मोकळी झाली याचा आनंद आहे, आणि त्याच्या शेवटी आई स्वतःच्या आवाजात कविता वाचते. शेवटच्या गाण्याची सुरुवात त्याच्या लहान मुलीच्या प्रश्नाने होते: मृत्युपत्र म्हणजे काय? हा प्रश्न रॅपमध्ये यायला चार दशकांहून अधिक काळ जावा लागला. त्यावर मिळणारे उत्तर हिशेबी आहे, कुणाला काय आणि किती द्यायचे याचे आहे. आणि पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्याकडे मागे ठेवण्यासारखे काहीच नव्हते अशा समाजातून आलेला माणूस हा हिशेब मांडतो तेव्हा त्याला कोरडा व्यवहार म्हणता येत नाही. अल्बममध्ये गुंतवणुकीचे धडे देण्याचा सूर काही ठिकाणी लागतो, तो मला खटकतो. तरीही प्रौढ रॅप कसा असू शकतो हे दाखवणारे मोठे काम म्हणून मी त्याच्याकडेच बोट दाखवीन.

या सगळ्याच्या विरुद्ध बाजूला आंद्रे ३००० उभा आहे, आणि त्याचे म्हणणे गंभीरपणे ऐकले पाहिजे. अटलांटाच्या आउटकास्ट या जोडीतला हा रॅपर अनेकांच्या मते, आणि माझ्याही मते, या कलेतल्या सर्वांत कल्पक लेखकांपैकी एक आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्याने आपला पहिला एकल अल्बम काढला आणि त्यात एकही शब्द रॅप केला नाही. पूर्ण अल्बमभर तो निरनिराळ्या बासऱ्या वाजवतो. पहिल्याच रचनेच्या लांबलचक शीर्षकात त्याने आपल्याला खरोखर रॅपचाच अल्बम करायचा होता अशी कबुली दिली आहे. त्या सुमारास एका मुलाखतीत त्याने कारणही सांगितले. या वयात रॅप करणे आपल्याला कधीकधी खोटे वाटते, कारण बोलण्यासारखे उरलेले नाही. मोठ्या आतड्याची तपासणी करून घ्यायची आहे, नजर कमी होते आहे, यावर काय रॅप करायचे, असा त्याचा सवाल होता.

त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल मला आदर आहे. सांगण्यासारखे नसताना केवळ सवयीने बोलत राहणाऱ्यांपेक्षा बासरी हाती घेणारा माणूस कलेशी अधिक इमान राखतो. पण त्याने दिलेली उदाहरणे मला उलटी वाटतात. तपासणीच्या आदल्या दिवशी रिकाम्या पोटी वाट पाहणारा माणूस, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरे दिव्याजवळ नेऊन वाचणारा माणूस: यापेक्षा अधिक खरे, अधिक तपशीलवार असे रॅपला आणखी काय हवे असते? ए ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या गटातल्या फाइफ डॉगने १९९३ मध्ये, बाविशीत, आपण मधुमेही आहोत हे एका ओळीत ठसक्यात सांगून टाकले होते, आणि ती ओळ रसिकांच्या तोंडी बसली. पुढे त्याचे मूत्रपिंड निकामी झाले, पत्नीने त्याला आपले मूत्रपिंड दिले, आणि मार्च २०१६ मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी त्याच आजाराच्या गुंतागुंतीतून तो गेला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात गटाचा शेवटचा अल्बम आला. त्यात फाइफचा आवाज आहे आणि त्याच्या जाण्याचा शोकही आहे. आजार हा विषय रॅपच्या बाहेरचा कधीच नव्हता. शिवाय २०२३ मध्येच आंद्रेने आपल्याच शहरातल्या, आपल्याच वयाच्या किलर माइकच्या एका गाण्यात कडवे म्हटले, आणि त्या गाण्याला पुढच्या वर्षी दोन ग्रॅमी मिळाली. त्याच्याजवळचे शब्द संपलेले नाहीत हे ऐकणाऱ्याला तिथे स्पष्ट कळते.

माझे म्हणणे मला क्लिप्सच्या उदाहरणाने सर्वांत नेमके मांडता येते. व्हर्जिनियातले हे दोघे भाऊ, पुशा टी आणि मॅलिस, या शतकाच्या सुरुवातीला कोकेनच्या धंद्याची इतकी बारकाईने वर्णने करत की वजन, किंमत, वेळ, जागा सगळे डोळ्यांसमोर उभे राहत असे. नंतर मॅलिस धर्माकडे वळला आणि जोडी थांबली. सोळा वर्षांच्या खंडानंतर जुलै २०२५ मध्ये त्यांचा अल्बम आला, आणि त्याच्या पहिल्याच गाण्याचा विषय आहे काही महिन्यांच्या अंतराने गेलेले आई आणि वडील. पुशा टी आईशी झालेली शेवटची बोलणी आठवतो. तिने सुचवू पाहिलेले आपल्याला तेव्हा उमगले नाही ही त्याची खंत आहे. मॅलिस वडिलांच्या घरी गेल्याचे सांगतो: गाडी दारात उभी आहे म्हणजे ते घरात आहेत, आणि तिसऱ्यांदा दार ठोठावताना अंगात शिरशिरी येते. ज्याने आपल्या पालकांचे घर असे उघडले आहे त्याला ही ओळ ऐकून पुढे जाणे सोपे नाही. मलाही गाणे थांबवावे लागले.

या गाण्यात मला विशेष वाटते ते हे की त्या भावांनी आपली लेखणी बदललेली नाही. एकेकाळी धंद्याचा व्यवहार ज्या नजरेने टिपला जाई त्याच नजरेने इथे दारातली गाडी टिपली आहे. तोच आखूडपणा, तीच यमकांची घट्ट वीण, तेच भावना शब्दांत उघड न मांडण्याचे पथ्य. प्रौढ होण्यासाठी रॅपने सौम्य व्हावे, शिव्या गाळाव्यात, व्हायोलिनच्या साथीने सुसंस्कृत दिसावे असे ज्यांना वाटते त्यांच्याशी मी सहमत नाही. वस्तूंची नेमकी नावे घेणे, मेलेल्यांची आठवण ठेवणे, केलेल्याचा हिशेब देणे आणि खोटे बोलणाऱ्याला पकडणे ही रॅपची जुनीच सामर्थ्ये आहेत, आणि उतारवयाला नेमकी त्यांचीच गरज असते.

आवाजाच्या बाजूनेही बदल होतो आहे, आणि त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. रॅप ही श्वासाची कला आहे. एका श्वासात किती शब्द बसवायचे, ठेक्याच्या किंचित मागे राहायचे की पुढे, हे सगळे छातीच्या भात्यावर अवलंबून असते, आणि तो भाता वयाबरोबर लहान होतो. मैफलीत ओळींची टोके साथीदाराकडे सोपवणारे रॅपर आपण पाहतोच. दुसरीकडे, डिसेंबर २०१७ मध्ये द रूट्स या गटातल्या ब्लॅक थॉटने चाळिशी ओलांडलेली असताना एका रेडिओ केंद्रात दहा मिनिटे सलग रॅप केला, तो ऐकून तरुणही थक्क झाले. तालमीत राहिलेला गळा काय करू शकतो याचा तो दाखला होता. पण मला अधिक जवळची वाट वाटते ती ब्रुकलिनच्या ‘का’ (Ka) नावाच्या रॅपरची. तो न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलात कॅप्टन होता. त्याचा पहिला एकल अल्बम २००८ मध्ये, पस्तिशीनंतर आला, आणि पुढची कामेही तो स्वतःच प्रसिद्ध करत राहिला. त्याच्या गाण्यांत ढोल जवळजवळ नसतात. तो पुटपुटल्यासारखा, शब्द तोलून, जवळ बसलेल्या एकाच माणसाला सांगावे तसा बोलतो. त्याच्या ओळी पहिल्यांदा ऐकताना निम्म्या निसटतात आणि पुन्हा ऐकाव्या लागतात. नाचायला ही गाणी उपयोगाची नाहीत. रात्री दिवसाचे काम आटोपल्यावर ती ऐकावीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो बावन्नाव्या वर्षी गेला.

बावन्न हे वय इथे दुर्दैवाने अपवाद नाही. रॅपर हेवी डी चव्वेचाळिसाव्या वर्षी गेला, गँग स्टार या जोडीतला ‘गुरू’ नावाचा रॅपर अठ्ठेचाळिसाव्या, एमएफ डूम एकोणपन्नासाव्या, डीएमएक्स पन्नासाव्या, डे ला सोलचा ट्रुगॉय चोपन्नाव्या, बिझ मार्की सत्तावन्नाव्या. कारणे कर्करोग, हृदय, फुप्फुसे, मधुमेह, व्यसन अशी निरनिराळी असली तरी गोळीतून वाचलेली पिढी दवाखान्यात हरते आहे हे दिसतेच. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या आरोग्याची दुरवस्था हा या कलेच्या वार्धक्याचा भागच आहे, आणि त्यावर अधिक गाणी लिहिली गेली पाहिजेत.

स्त्रियांच्या बाबतीत तर वाट आणखी अरुंद आहे. पुरुषाच्या पांढऱ्या दाढीला अनुभवाची झळाळी येते. बाईच्या वयावर मात्र बाजार लगेच बोट ठेवतो. लॉरिन हिलने १९९८ मध्ये, तेवीस वर्षांची असताना, कारकिर्दीसाठी गर्भपात कर असे सांगणाऱ्यांना न जुमानता जन्म दिलेल्या मुलावर गाणे केले. प्रौढ आयुष्याचा इतका मोठा निर्णय रॅपच्या जगात एका तरुण बाईने पुरुषांच्या कितीतरी आधी मांडला होता. मिसी एलिअट ही रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये जाणारी पहिली स्त्री रॅपर, आणि तो मान तिला २०२३ मध्ये मिळाला. स्वतःच्या नावावरचा पहिला मोठा दौरा तिने त्यापुढच्या वर्षी, त्रेपन्नाव्या वर्षी केला. रजोनिवृत्ती, मोठी झालेली मुले, नव्याने एकटे होणे यांवर स्त्रियांनी लिहिलेला रॅप मला ऐकायचा आहे, आणि तो पुरेसा ऐकू येत नाही याचे एक कारण आम्ही श्रोते त्याची मागणी करत नाही, हे आहे.

श्रोत्यांविषयी बोलायचे तर आमच्या पिढीने जुन्या आठवणींना जरा जास्तच कुरवाळले आहे. फेब्रुवारी २०२२ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, डॉ. ड्रे, स्नूप डॉग, मेरी जे. ब्लाइज आणि एमिनेम यांनी मध्यंतराचा कार्यक्रम केला तेव्हा मीही हरखून गेलो होतो. रॅपला तिथे मिळालेले ते मानाचे स्थान पाहून अभिमान वाटला. पण त्यातली बहुतेक गाणी वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची होती, आणि आम्हाला तीच हवी होती. पन्नाशीतला कलावंत नवे काही म्हणू लागला की खाद्यपदार्थांच्या रांगेकडे निघणारा श्रोता त्याला विशीतच डांबून ठेवतो. त्याच श्रोत्याने मग आजच्या मुलांचा रॅप ऐकून कपाळाला आठ्या घालाव्यात, हे तर मला मुळीच योग्य वाटत नाही. आमच्या आवडीच्या गाण्यांवरही मोठ्यांनी नेमक्या याच तक्रारी केल्या होत्या. मुलांच्या रॅपने मुलांचा राहावे. आमच्या वयाचा रॅप आम्ही मागावा, विकत घ्यावा आणि त्याच्या नव्या गाण्यांसाठी खुर्चीत बसून राहावे.

आणखी वीस वर्षांनी नास सत्तरी ओलांडलेला असेल. रॅपर हजारो ओळी पाठ ठेवतो. त्याची सगळी मिळकत स्मरणशक्तीच्या जोरावर उभी असते. जेव्हा शब्दच हाताला लागेनासे होतील, मैफलीत कडव्याच्या मध्यावर पुढची ओळ येणार नाही, तेव्हा त्यावर कुणीतरी लिहायला बसेल. यमक जुळता जुळता राहून जाते, ठेका पुढे निघून जातो, आणि बोलणारा ती मोकळी जागा तशीच ठेवून पुढच्या ओळीला मिळतो, अशी रचना तांत्रिकदृष्ट्या फार कठीण असेल. पण ज्यांनी तबकडीवरचा एक तुकडा लांबवून त्यातून नवे संगीत काढले त्यांच्या परंपरेत ती लिहिणारा निघेल असे मला वाटते, आणि तोवर माझे वयही ती समजण्याइतके झालेले असेल.